कडोदऱ्याची आग आणि गोपनीयतेची ढाल

१८ ऑक्टोबर २०२१ च्या पहाटे सुरतजवळील कडोदरा येथे एका पॅकेजिंग कारखान्याला आग लागली. दोन कामगार मृत्युमुखी पडले. शंभराहून अधिक जणांची सुटका करण्यात आली. कापड उद्योगाच्या या पट्ट्यात खानदेशातून गेलेले कितीतरी मराठी हात राबतात. अशा दुर्घटनेनंतर कामगाराचा प्रश्न साधा असतो: शेवटची सुरक्षा तपासणी केव्हा झाली आणि त्या अहवालावर सही कोणाची?

हे उत्तर मिळण्याची वाट आता अरुंद झाली आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ मधील मूळ कलम ८(१)(जे) नुसार वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी दोनपैकी एक कारण लागत असे: तिचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नसणे, किंवा ती दिल्याने खासगी आयुष्यावर अकारण अतिक्रमण होणे. संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने या कसोट्या व ते परंतुक दोन्ही वगळले. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आहे. माहिती ‘वैयक्तिक’ ठरली की नकाराला तेवढे पुरेसे.

कलम ८(२) कायम असल्याने जनहित सुरक्षित आहे, असे सरकार म्हणते. ते अंशतः खरे आहे. मात्र त्या कलमानुसार जनहित वरचढ ठरल्यास प्राधिकरण माहिती ‘देऊ शकते’. म्हणजे निर्णय ज्याच्या हाती, त्याचीच चूक उघड होण्याची शक्यता असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयतेला मूलभूत हक्क मानले, ते योग्यच होते. अर्जदाराला कामगाराचा आधार क्रमांक वा आजारपणाची नोंद मिळू नये. परंतु कर्तव्य बजावताना अधिकाऱ्याने केलेली सही ही त्याची खासगी बाब नव्हे.

गोव्याने केंद्राच्या आधी, १९९७ मध्येच, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यांतील कामगारांनाही उद्या हाच प्रश्न पडू शकतो. म्हणून अर्ज करताना नुसती माहिती मागून थांबू नये. कलम ८(२) चा उल्लेख करून तीत जनहित कोणते, हे अर्जातच नोंदवावे. नाकारणाऱ्याला निदान त्याचे उत्तर तरी द्यावे लागेल.