स्प्रिंकलर कधी बसवायचा? आधी वैशाखातली विहीर बघा



अक्षयतृतीया जवळ आली की आसनगाव, शहापूर, मुरबाड पट्ट्यातल्या फार्महाऊसवर एकच घाई सुरू होते. मे महिन्यात पाहुणे येणार, लॉन करपलंय, आठ दिवसांत स्प्रिंकलर बसवून द्या. आपल्या गावातली पोरं तिथे राखणीला, बागकामाला असतात, त्यामुळे प्रश्न फिरून आपल्याकडेच येतो. आता बसवायचा की पाऊस संपल्यावर?

माझं मत सरळ आहे. वैशाखात ठरवा आणि भाद्रपदात बसवा. ठरवणं आणि बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोघांचे महिनेही वेगळे आहेत.

आधी ठरवण्याचं बघू. आपल्याकडे पाऊस दोन-अडीच हजार मिलीमीटर पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी मुरतं थोडं, वाहून जातं जास्त. दिवाळीला विहीर काठोकाठ दिसते आणि होळीनंतर तळ दिसायला लागतो. दिवाळीला येऊन जो माणूस विहीर बघतो, त्याला वाटतं पाणीच पाणी. मोटरही तेव्हा जोरात पाणी फेकते, कारण उपसा वरून असतो. त्या दाबावर नोझल किती लावायचे ते ठरवलं, की एप्रिलमध्ये पाणी खाली जातं, मोटरचा दाब तोकडा पडतो आणि फवारा नोझलच्या पायाशीच गळतो. मग कडेचं गवत वाळतं, मधे चिखल होतो, आणि दोष नोझलला मिळतो. म्हणून माप घ्यायचं ते सगळ्यात वाईट महिन्यात.

माप घेणं अवघड नाही. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी बघा. संध्याकाळी मोटर बंद करताना एकदा, सकाळी सुरू करायच्या आधी एकदा. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर. रात्रभरात पातळी किती फूट चढली, त्यावरून आवक किती ते कळतं. मोटरचं पाणी बघायला २०० लिटरचा ड्रम घ्या आणि किती वेळात भरतो ते मोबाईलवर मोजा. चार-पाच दिवसांचे आकडे वहीत लिहून ठेवा.

आता खर्चाची बाजू. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवंगार लॉन ठेवायचं तर रोज चार-पाच मिलीमीटर पाणी धरा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला रोज ५०० लिटर. पाच गुंठे लॉन असेल तर रोज अडीच हजार लिटर. वाऱ्याने उडून जाणारं पाणी यात धरलेलं नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी हा हिशेब आहे. अडीच हजाराला ५५ ने भागा. पंचेचाळीस माणसांचं दिवसाचं पाणी त्या पाच गुंठ्यांवर पडतं. ज्या तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, ज्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाला, कोरड घशाला. फार्महाऊसची बोअर आणि पाड्याची विहीर एकाच कातळातल्या भेगांतून पाणी ओढत असेल, तर तिकडे फवारा सुरू झाला की इकडे हंडा रिकामा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही, हे १९९३ च्या भूजल कायद्यातच लिहिलेलं होतं. पण कायद्याआधी शेजारधर्म आहे.

फार्महाऊसवाल्यांशी आपलं वाकडं नाही. त्यांच्यामुळे चार घरांना काम मिळतं. म्हणूनच त्यांना वैशाखातला आकडा वहीतून दाखवा. आवक रोज २,२०० लिटर असेल, त्यात घरवापर, झाडं, गुरं काढून जे उरेल तेवढंच लॉन. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल एक गुंठा, फार तर दीड. उरलेल्या जागेत आंबा, चिकू, कोकम लावा, ठिबक द्या. आणि साधी हरळी असेल तर तिला मे महिन्यात पिवळी पडू द्या. ती मरत नाही, पहिल्या पावसात परत फुटते. वैशाखात पिवळं गवत दिसणं हा काही कमीपणा नाही.

आता बसवण्याचं. ठेकेदार म्हणतो, गवताच्या आधी पाईप गाडायला हवा. बरोबर आहे. पण म्हणून मे महिन्यातच गाडायला हवा असं नाही. मे महिन्यात जमीन दगडासारखी असते, चर उथळ खणला जातो. वरून जून-जुलैचा पाऊस पडला की चरातली माती बसते, नोझल तिरके होतात, नवी सपाट केलेली माती ओढ्याला लागते.

त्यापेक्षा पावसाळाभर नुसतं बघा. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, तिथे खुणेची काठी रोवा. गणपती गेले की जमीन मऊ असते, पावसाला उघडीप मिळायला लागते आणि भातकापणी अजून सुरू झालेली नसते. कापणी सुरू झाली की तुम्हाला माणूस मिळणार नाही. पितृपक्षात नवं काम काढत नाहीत म्हणतात, पण चर खणायला पितरांची हरकत नसावी! तेव्हा पाईप गाडा, माती पाणी मारून दाबा, मग गवत लावा. उरलेल्या पावसावर ते मुळं धरतं. नोझल शेवटी, पाऊस थांबल्यावर बसवा. जागोजागी सारखे डबे ठेवून पंधरा मिनिटं पाणी सोडा. सगळ्या डब्यांत पाणी सारखं पडतंय का ते बघा. पाणी पहाटे द्यायचं, दुपारच्या वाऱ्यात नाही.

शेतकरी मित्रांनो, हाच हिशेब आपल्या शेतातल्या तुषारलाही लागू आहे. उन्हाळी भुईमुगाला तुषार छान. काकडी, कारली, दुधीला मात्र ठिबकच बरं, पानं सतत ओली राहिली की केवड्यासारखे रोग वाढतात. ठरवलेल्या खर्चमर्यादेवर अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान आहे. ते पिकासाठी आहे, लॉनसाठी नाही. महाडीबीटीवर अर्ज पावसाळ्यातच करा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका.

या आठवड्यात एवढंच करा. दोरी, दगड, वही घेऊन विहिरीवर जा आणि आकडा तारखेसह लिहा. भाद्रपदात दुकानदार किंवा ठेकेदार काहीही सांगू दे, तुमच्याकडे वैशाखाचा आकडा असेल.