परीक्षा वीजबिलावरच व्हावी

व्यापारी इमारतीची ऊर्जा-कार्यक्षमता तिच्या आराखड्यावरूनच ठरवावी, असे बांधकाम क्षेत्रातला मोठा वर्ग मानतो. भिंतींचा उष्णतारोध, काचेचा दर्जा, चिलरची क्षमता संगणकात भरली की वर्षाचा वीजवापर कळतो. मग प्रत्यक्ष मोजायचे कशाला, असा हा पूर्वपक्ष.

तो टिकत नाही. संगणकाला दिलेले कामाचे तास, माणसांची संख्या, खोलीचे तापमान ही सारी गृहीतके असतात. प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशीही एसी चालू राहतो, चिलर कमी भारावर धावत राहतो आणि बिघडलेल्या झडपेकडे कोणी पाहत नाही. आराखड्यात यातले काही दिसत नाही, बिलात सगळे उतरते. आराखड्याची तपासणी हवीच, कारण पश्चिमेला लावलेली काचेची भिंत नंतर हलवता येत नाही. पण तेवढ्यावर प्रमाणपत्र देणे म्हणजे प्रवेशपरीक्षेवरच पदवी देणे.

मोजण्याची रीत आपल्याकडे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2009 मध्ये कार्यालयांसाठी तारांकन आणले. वर्षभरात वापरलेली वीज, जनरेटरची धरून, बांधीव क्षेत्रफळाने भागायची. त्या मूळ तक्त्यानुसार उष्ण-दमट हवामानात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असेल तर पाच ताऱ्यांसाठी चौरस मीटरमागे वर्षाला 100 युनिटच्या आत राहावे लागे.

यावरचा आक्षेप रास्त आहे: तीन पाळ्या चालणाऱ्या कार्यालयाला एका पाळीच्या कार्यालयाशी कसे तोलायचे? पण त्यातून मोजमाप सोडायचे कारण मिळत नाही, भाजक सुधारायचे मिळते. बीपीओ इमारतींसाठी ब्युरोने ताशी वापराचा निकष घेतलाच. आणि बिल भाडेकरू भरतो, मालकाचा दोष काय, या प्रश्नालाही उत्तर आहे. ऑस्ट्रेलियाची ‘नेबर्स’ पद्धत इमारतीच्या सामायिक यंत्रणांना वेगळे मानांकन देते, भाडेकरूच्या जागेला वेगळे.

खरी उणीव दुसरीकडेच आहे. आपले तारांकन ऐच्छिक असल्याने ज्याचे बिल अवाच्या सवा, तो अर्जच करत नाही. ऑस्ट्रेलियात मोठे कार्यालय विकताना वा भाड्याने देताना मानांकन जाहीर करण्याची सक्ती 2010 च्या कायद्याने आली. न्यूयॉर्कमध्ये 2020 पासून मोठ्या इमारतींना आपली श्रेणी प्रवेशद्वाराशी लावावी लागते. मुंबई-पुण्यात वीज कंपन्यांकडे युनिटांची नोंद आहे, मालमत्ता करासाठी पालिकांकडे क्षेत्रफळाची. या दोन नोंदी जुळवून आकडे दरवर्षी जाहीर करावेत. पहिला मान मंत्रालय आणि पालिका मुख्यालयांना द्यावा. त्यांची बिले जनताच भरते.