शॉवर लावा, पण आधी बादली मोजा

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिलाच असेल. पांढरीशुभ्र व्हॅन, मागचं दार उघडं, समोर डोंगर, आत लाकडी फळ्यांची सजावट आणि कोपऱ्यात चक्क शॉवर! तीस सेकंदांत गाडीचं घर होतं. मग आपल्याही डोक्यात किडा वळवळायला लागतो. काकांची जुनी ट्रॅव्हलर गोठ्याशेजारी उभीच आहे, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, प्लंबिंग काय, शेतात ठिबक जोडतोच की आपण. डोंगरकड्यापासून लडाखपर्यंत जाऊ, वाटेत कुणाच्या लॉजचं तोंड बघायचं नाही!

या किड्याला आम्ही नावं ठेवणार नाही. उलट, असे किडे डोक्यात असलेली पोरं-पोरी गावात जास्त हवीत. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनेही कॅराव्हॅन पर्यटनासाठी वेगळं धोरण आणलं, म्हणजे चाकावरच्या घराची कल्पना आता फक्त परदेशी व्हिडिओंपुरती राहिलेली नाही. पण त्या तीस सेकंदांत एक गोष्ट कुणी दाखवत नाही: पाणी कुठून आलं आणि कुठं गेलं. शॉवरचा नळ बसवायला अर्धा तास पुरतो. पाण्याचा हिशेब बसवायला मात्र डोकं लागतं. आज तोच करू.

घरातला साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज ओततो. पाच मिनिटं उभे राहिलात की चाळीस-पन्नास लिटर गेले. आपल्या आजीची बादली पंधरा ते वीस लिटरची आणि तेवढ्यात तिचं केस धुऊन होतं. आता गाडीत शंभर लिटरची टाकी ठेवली, तर तिचं वजन शंभर किलो आणि वर टाकीचं स्वतःचं. दीड-दोन माणसं गाडीत कायमची बसवल्यासारखंच झालं. बरं, ही माणसं गप्प बसत नाहीत. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, वळण घेतलं की बाजूला आदळतं. म्हणून टाकी टपावर नको. ती खाली, शक्यतो दोन्ही चाकांच्या आसांमध्ये, पट्ट्यांनी घट्ट आवळलेली आणि आत आडवे पडदे असलेली हवी. टपावर शंभर किलो पाणी घेऊन घाटात शिरणं म्हणजे डोक्यावर घागर घेऊन उड्या मारणं.

मग पाणी कमी करायचं कसं? उपाय सोपा आहे. दाबलं तरच पाणी सोडणारा हँड शॉवर घ्या. अर्धा मिनिट अंग भिजवा, नळ बंद करून साबण लावा, मग दीड मिनिटात धुऊन घ्या. मिनिटाला चार लिटरच्या धारेने हिशेब आठ लिटरवर येतो. जहाजावरचे खलाशी वर्षानुवर्षं असंच नाहतात. आणि खरं सांगायचं तर मराठवाड्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, आठवतं? पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. तेव्हा जे शाळेत होते ते आज तुमच्याच वयाचे आहेत. परातीत बसून अंघोळ करायची आणि तेच पाणी झाडाला घालायचं, हे त्यांनी घरात पाहिलंय.

आता गरम पाण्याचं बघू. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर सव्वा युनिटच्या आतबाहेर वीज असते. म्हणजे एका अंघोळीत बॅटरीचा मोठा घास गेला, आणि रात्री पंखा बंद! पाणी ढकलायचा छोटा पंप बॅटरीवर आरामात चालतो, पण पाणी तापवणं तिच्या आवाक्यातलं काम नाही.

इथेच बरेच जण सोपी वाट धरतात आणि गॅस गिझर लावतात. थांबा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. बंद, छोट्या जागेत गॅस गिझर पेटला की हवेतला प्राणवायू झपाट्याने कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी गरगरतं, मग पाय गळतात, आणि दाराची कडी काढायचंही बळ राहत नाही. न्हाणीघरात गॅस गिझरमुळे तरुण माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. ती तर विटांची घरं होती. गाडीतली न्हाणी कपाटाएवढी असते. शिवाय गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो. म्हणून गाडीच्या आत गॅस गिझर नको म्हणजे नकोच. ‘खिडकी उघडी ठेवू’ हे उत्तर नाही. थंडीत ती खिडकी कोण बंद करतं, हे आपल्याला माहीत आहे.

मग? वर बघा. आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि लई आहे. चार इंची पीव्हीसी पाइपाचा दहा फुटांचा तुकडा काळा रंगवून टपाच्या कडेने बसवला, दोन्ही टोकं बंद केली, एका टोकाला नळ दिला, की त्यात साधारण पंचवीस लिटर पाणी मावतं. दिवसभराच्या उन्हात ते अंघोळीपुरतं तापतं. वजन पंचवीस किलो, तेही आडवं पसरलेलं. मे महिन्यात मात्र आधी हात लावून बघा, नाहीतर डोकं भाजून घ्याल. आणि ते पाणी फक्त अंघोळीचं, प्यायचं नाही.

खालचं कामही तेवढंच महत्त्वाचं. न्हाणीचा तळ फायबरचा, एकसंध आणि मोरीकडे उतार असलेला घ्या. फरशीचे तुकडे जोडले की हादऱ्यांनी सांधे उघडतात, पाणी पत्र्यात मुरतं आणि दोन पावसाळ्यांत तळ गंजतो. पंपाच्या वायरला फ्यूज हवा, बटण ओल्या जागेच्या बाहेर हवं, आणि इन्व्हर्टरची 230 व्होल्टची वायर न्हाणीच्या आसपासही नको. सांडपाण्याला वेगळी टाकी हवी. साबणाचं पाणी रस्त्यावर सोडत जायचं नाही, आणि कालव्यात तर अजिबातच नाही. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी या भागातल्या केळीला जातं, कुणाच्या घरात प्यायलाही जातं.

आणि कागदपत्रं? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाने मनाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. मोटार कॅराव्हॅनसाठी तर एआयएस-124 हे वेगळं मानकच आहे. तेव्हा पत्रा कापण्याआधी, सीटा उपसण्याआधी एमएच-38 च्या कचेरीत जाऊन विचारा. ‘आपल्याला कोण अडवतंय’ असं म्हणणाऱ्या मित्राला एवढंच सांगा की, अपघात झाला तर विम्याचा माणूस नक्की अडवेल. काढता-घालता येणारी मांडणी त्यातल्या त्यात शहाणपणाची: मागचं दार उघडलं, पडदा लावला, शॉवर बाहेर. लडाखच्या वाटेवर तेवढं पुरतं.

इथपर्यंत वाचलंत ना? मग आता फाट्यावर चला.

हिंगोली-नांदेड रस्त्यावर डोंगरकड्याच्या फाट्याशी एखाद्या सकाळी नुसते उभे राहा. केळी भरायला आलेले ट्रक दिसतील. त्यातले ड्रायव्हर कित्येक दिवस केबिनमध्येच राहतात, जेवतात, झोपतात. त्यांची अंघोळ म्हणजे ढाब्यामागचा हौद आणि प्लॅस्टिकचा मग. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरूण, कोंबड्या, लेकरं, अख्खा संसार. शेताच्या कडेला ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. चाकावरचं घर म्हणजे काय, हे आपल्याला परदेशी व्हिडिओंनी दाखवलं असं वाटतं. ते तर आपल्या बांधावर दरवर्षी येतं आणि चार-पाच महिने राहून जातं.

त्या घरात शॉवर नाही, बादलीलाही आडोसा नाही. टोळीतली बाई पहाटे अंधारात उठते, कारण उजाडलं की अंघोळ करता येत नाही. चार बांबूंना जुनं लुगडं गुंडाळलेलं, खाली चिखल. दिवसभर मोळ्या वाहिल्यावर अंगाला उसाचं पाचट चिकटलेलं असतं, तरी संध्याकाळी नाहायची सोय नसते. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, याचा विचार मुलींनी तर करावाच, पण मुलांनीही करावा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची कारणं अनेक आहेत. पण स्वच्छ पाणी आणि दार लावता येईल अशी चार फूट जागा नसणं, हा त्यातला एक धागा आहेच.

आता तुमचं कौशल्य आठवा. मघाशी गाडीसाठी जे जे शिकलात, ते सगळं इथं लागू पडतं, आणि इथं तर गाडीचं वजन सांभाळायचं नाही की आरटीओत जायचं नाही. दोनशे लिटरचा स्वच्छ, काळा ड्रम घ्या. त्यात कधी फवारणीचं औषध ठेवलेलं नसावं. अँगलच्या भक्कम घोड्यावर तो दोन मीटर उंचीवर ठेवा, म्हणजे पंपही नको, पाणी आपल्या वजनानेच खाली येतं. खाली रुंद जाळीची तोटी आणि दाबून उघडायचा नळ. चारी बाजूंनी नटबोल्टवर उभा राहणारा पत्र्याचा आडोसा, आतून कडी, कपडे टांगायला खुंटी. पायाखाली खडबडीत फरशी आणि सांडपाण्याला शोषखड्डा. शोषखड्ड्यांसाठी तर लांब जायला नको. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, ते बघून या.

माणशी दहा लिटर धरले, तर एका ड्रममध्ये वीस अंघोळी होतात. ड्रम सकाळी भरला की दिवसभर उन्हात राहतो आणि टोळी शेतातून परतते तेव्हा पाणी कोमट असतं. थकलेल्या अंगाला कोमट पाणी म्हणजे काय, हे ज्याने एक दिवस तरी ऊस तोडलाय त्याला विचारा.

हे कुणी करायचं? तळावर सोयी देणं ही कारखान्याची आणि प्रशासनाची जबाबदारी आहे, आणि ती त्यांच्या गळ्यातून काढून तुमच्या गळ्यात घालायचा आमचा इरादा नाही. उलट, तुम्ही एक नमुना उभा केलात, तर जबाबदारी झटकायला त्यांच्याकडे ‘जमत नाही’ हे कारण उरणार नाही. आयटीआयमधला एक वेल्डर, एक प्लंबर, बांधकामाची माहिती असलेला एक जण, एवढी माणसं प्रत्येक गावात आहेत. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी होतं. त्यात रस्ता झाडून फोटो काढण्याऐवजी एक न्हाणी उभी करा. पाणी कुठून भरायचं हे ग्रामपंचायतीशी आधीच बोलून घ्या. आणि एक करा: जागा आणि दाराचं तोंड कुठं असावं, हे टोळीतल्या बायांना विचारून ठरवा. नाहीतर दार रस्त्याकडे निघतं आणि न्हाणीत गवऱ्या भरल्या जातात. हंगाम संपला की नटबोल्ट सोडा, पत्रे शाळेच्या खोलीत ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा जोडा.

आणि तुमची व्हॅन? तीही करा की! तो किडा मारू नका. किंबहुना पहिली न्हाणी तळावर करून बघितलीत, तर दुसरी गाडीत करताना चुका कमी होतील. गळती कुठं होते, आठ लिटरमध्ये खरंच अंघोळ होते का, काळा ड्रम डिसेंबरात किती तापतो, या सगळ्यांची उत्तरं लडाखला निघायच्या आधी घरच्या बांधावरच मिळतील.

मग निघा खुशाल. कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावून, उन्हाने तापलेलं पाणी डोक्यावर घेताना, व्हिडिओ काढायचा तर काढा. पण त्याच संध्याकाळी फाट्याजवळच्या फडाशेजारी एखादी बाई आतून कडी लावून, उजेडात, निवांत नाहत असेल, तर त्या व्हिडिओपेक्षा मोठं काम तुम्ही करून निघालेले असाल. त्याचा फोटो मात्र काढायचा नसतो.