नाणे घासू नका, वाचा!

छंद माणसाला शहाणा करतो असे म्हणतात. पण एखादा छंद वस्तूच्याच मुळावर येतो, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही. जुनी नाणी जमवण्याचा छंद हा त्यांतलाच. आपल्या महाविद्यालयात तो रुजतो आहे याचा मला आनंदच आहे. तरीही त्याबद्दल थोडे कडक बोलावेसे वाटते, कारण आपण राहतो तो मुलूख सातवाहनांचा. त्यांची राजधानी पैठण आपल्या शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर. मोठा पाऊस पडून पांढरीची माती वाहून गेली की तिथे नाणी वर येतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास आपल्याकडे अक्षरशः पायाखाली आहे. प्रश्न आहे तो हाती आल्यावर आपण त्याचे काय करतो हा.

असे नाणे दिसायला मुळीच देखणे नसते. ते तांब्याचे, शिशाचे, नाहीतर पोटीनचे, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूचे असते. वर मातीचे किटण, खाली हिरवा कळंक. मग घरातली तांब्याची भांडी उजळावीत तशी चिंच-मीठ आणि काथ्या घेऊन मंडळी बसतात. एका मित्राच्या घरी असे उजळलेले नाणे मी पाहिले. लखलखत होते खरे. पण हत्तीची सोंड तेवढी ओळखू येत होती आणि कडेची ब्राह्मी अक्षरे साफ गेली होती. ‘बघा, कसे नवे दिसते!’ असे घरचे कौतुकाने सांगत होते. नवेच दिसायचे असेल तर रिझर्व्ह बँकेची नाणी काय वाईट?

इतक्या वर्षांत धातूचा वरचा भाग कळंकात बदललेला असतो आणि अक्षरांचे उठाव त्या थरातच टिकलेले असतात. थर खरवडला की त्यासोबत राजाचे नावही जाते. आणि त्या नावाची किंमत काय असते? १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सुमारे १,६०० पोटीन नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे वाचता आली. पुराणांच्या वंशावळीत ही नावे नाहीत! ती नाणी कोणी चिंचेत भिजत घातली असती, किंवा मोडीच्या भावाने तांबटाकडे गेली असती, तर हे राजे पुन्हा कधी सापडले असते का?

मग स्वच्छ करूच नये का? करावे, पण बेताने. तांब्याचे नाणे शुद्ध केलेल्या, म्हणजे ऊर्ध्वपातित, पाण्यात ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि सुटलेली माती मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने, भिंगातून पाहत, काढावी. अक्षर वाचता आले की हात थांबवावा. फिक्या हिरव्या रंगाची भुकटी पुन्हा पुन्हा सुटू लागली तर तो धातूला लागलेला रोग समजावा आणि नाणे कोरडे ठेवून जाणकाराला दाखवावे. शिशाची गोष्ट आणखी नाजूक. ते मऊ असते, आम्लाने खाल्ले जाते. लाकडी पेटीतल्या वाफेनेही त्यावर पांढरी भुकटी धरते. शिवाय ते विषारी, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत.

परंतु स्वच्छतेहूनही मोठी गोष्ट आहे ती नाण्याच्या ठिकाणाची. ठिकाण माहीत नसलेले नाणे म्हणजे पत्ता फाटलेले पत्र. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. क्षहरातांच्या पराभवाचा असा पुरावा साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच मिळाला. तीच नाणी सुटी होऊन बाजारात गेली असती, तर जिंकलेल्या राजाची गोष्टही त्यांच्याबरोबर विखुरली असती.

युरोपात रोमन ब्राँझची मळकी नाणी घाऊक विकत घेऊन घरी साफ करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांची चिकाटी घेण्यासारखी आहे. पण बाजारातल्या त्या ढिगातले नाणे कुठल्या शेतातले, हे सांगणार कोण? याउलट इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तूंची ठिकाणासह नोंद ठेवण्याची योजना आहे आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तिथे हौशी माणूस इतिहासाचा मदतनीस झाला.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ‘मग आमच्या छंदाचे काय?’ असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की छंद आपल्या मालकीवर उभा नाही, ओळखण्यावर उभा आहे. पैठणचे बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय यांच्या मुळाशी अशाच हौशी माणसांनी जमवलेल्या वस्तू आहेत. त्यांनी वस्तू सर्वांसाठी राखल्या, कपाटात कुलूपबंद केल्या नाहीत.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या इतिहास विभागात एक साधी वही ठेवावी. सापडलेल्या नाण्याचे गाव, शेत, तारीख, वजन आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र तीत असावे. शनिवारी तासभर ब्राह्मीचा वर्ग घ्यावा. ‘रञो सिरि सातकणिस’, म्हणजे राजा श्री सातकर्णी याचे, एवढे वाचता आले तरी प्राकृतचा पेपर निराळा वाटू लागेल. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर खर्च एका वहीचा. मित्रहो, चकाकी चार दिवसांत उतरते. वाचलेले नाव मात्र राहते.