आपल्या नांवाची पेटी

निफाड–दिंडोरीकडील कित्येक बागाईतदार हल्लीं द्राक्षांची पेटी स्वतःच्या नांवानें विकतात, ही गोष्ट आम्हांस अभिनंदनीय वाटते. मात्र पेटीवर नांव घातलें म्हणजे मालाचा जबाबही आपणच द्यावयाचा, हें विसरतां कामा नये.

सन २०१० चा धडा आठवावा. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपल्या सीसीसीचा अंश युरोपांत पोंचलेल्या द्राक्षांत सांपडला. माल नाकारला गेला व बागाईतदारांचें मोठें नुकसान झालें. हें औषध तेव्हां आपल्याकडील तपासणीच्या यादींतच नव्हतें. यादींत नाहीं तें निर्धोक, असें समजून चालत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, फवारणीची वही महसुली दफ्तराइतकी चोख असावी: तारीख, औषध, प्रमाण व काढणीपूर्वीं सोडलेले दिवस. गिऱ्हाइकानें मागतांच ती दाखवावी. पेटीचा वरचा थर तसाच तळचा असावा. ज्या प्लॉटाविषयीं स्वतःसच शंका आहे, त्याचा माल तपासल्याखेरीज आपल्या नांवाखालीं घालूं नये.

लहान माणसास हें परवडणार कसें, असा आक्षेप येईल. कर्जाचा हप्ता डोक्यावर असतां तयार माल थांबविणें कठीण, हें आम्ही जाणतों. परंतु मोठा व्यापारी एका हंगामाची तूट सोसूं शकतो. लहानाचें गिऱ्हाईक एकदां तुटलें कीं परत येत नाहीं. येत्या ऑक्टोबर छाटणीपासूनच ही वही सुरू करावी, अशी आमची सर्व बागाईतदार बंधूंस आग्रहाची सूचना आहे.