कलनाच्या वर्गात कोणास बसू द्यावे ?

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या विज्ञानशाखेचे प्रवेश सुरू झाले म्हणजे गणितासंबंधी एक प्रश्न प्रतिवर्षी नव्याने उपस्थित होतो. गणित घेऊ इच्छिणाऱ्या मुलास दहावीत गुण किती असावेत ? कोणी म्हणतो ऐंशी, कोणी म्हणतो नव्वद. त्याखालील मुलांनी गणिताच्या वाटेस जाऊ नये, असा सल्ला त्यांस परोपकारबुद्धीने देण्यात येतो. या सल्ल्याच्या मुळाशी ज्या विषयाचा धाक आहे तो म्हणजे कलन, मुलांच्या बोलण्यातील ‘कॅल्क्युलस’. अकरावीच्या अखेरीस सीमा, सातत्य आणि अवकलन, व बारावीत अवकलनाचे उपयोग, समाकलन आणि अवकल समीकरणे, एवढाच हा प्रांत आहे. धाक मात्र प्रांताच्या विस्ताराहून पुष्कळच मोठा आहे.

आमचे मत या सल्ल्याच्या अगदी उलट आहे. लाखांदूर तालुक्यातील आपल्या दिघोरीसारख्या गावी तरी या वर्गाचे दार जो श्रम करण्यास सिद्ध आहे त्या प्रत्येकास उघडे असावे, आणि वर्गाच्या आत शिस्त कडक असावी. परंतु ती कशाविषयी कडक असावी, याचा विचार पुन्हा मुळापासून व्हावयास हवा.

हा विषय शाळेच्या आवारात आला त्यास फार काळ लोटलेला नाही. पूर्वी मॅट्रिकपर्यंत त्याचे नावही कानी पडत नसे. भंडाऱ्याकडील मुलास तो शिकावयाचा तर घरदार सोडून नागपूर गाठावे लागे व १८८३ साली स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजासारख्या एखाद्या संस्थेत जागा मिळवावी लागे. किती जणांस ते साधत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. महाराष्ट्रात १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन ही रचना अमलात आली, तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयाच्या मार्गाने कलन खेड्यापाड्यांतील हायस्कुलांपर्यंत येऊन पोहोचले. म्हणजे जी विद्या मिळविण्यास नागपूर गाठावे लागे, ती आज गावच्या वेशीत आलेली आहे; आणि नेमक्या याच वेळी आपण दारात उभे राहून कोणास आत घ्यावे व कोणास परत पाठवावे याची निवड करीत बसलो आहो ! सोळाव्या वर्षी ज्याचे गणित सुटले त्यास ते पुढे पुन्हा धरावयास सहसा संधी मिळत नाही. स्थापत्य असो, संख्याशास्त्र असो, अर्थशास्त्राचे वरचे शिक्षण असो, त्या वाटा त्याच दिवशी बंद होतात, आणि त्या बंद झाल्या हे त्या मुलास चार वर्षांनी कळते.

विषय खरोखरच इतका दुर्गम आहे काय ? तलावाचे उदाहरण घेऊ. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी लोकांनी बांधलेल्या व पुढे मालगुजारी या नावाने ओळखल्या गेलेल्या तलावांच्या पाळींवर आमची मुले लहानपणापासून हिंडलेली आहेत. पावसाळ्याच्या आरंभी तळाशी बोटभर पाणी चढले तर त्याचे कोणास काही वाटत नाही. तेच बोटभर पाणी तलाव काठोकाठ आला असता चढले म्हणजे सर्वांचे डोळे सांडव्याकडे लागतात. असे का व्हावे ? तलाव उलट्या शंकूसारखा आहे असे क्षणभर धरा, व पाण्याची खोली जितकी, तिच्या दहापट पृष्ठाची त्रिज्या धरा. खोली १ मीटर असता पृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मीटर येते. खोली ३ मीटर असता ते सुमारे २,८२७ चौरस मीटर होते. तेव्हा आणखी १ सेंटिमीटर पाणी चढण्यास पहिल्या वेळी सुमारे ३,१४० लिटर पाणी पुरते, तर दुसऱ्या वेळी सुमारे २८,२७० लिटर लागते. खोलीच्या मानाने साठा ज्या वेगाने वाढतो, तो वेग म्हणजे त्या पातळीचे पृष्ठफळच होय. हे अवकलन झाले. आता तळापासून काठापर्यंत पाण्याचे अतिशय पातळ थर कल्पून त्यांची बेरीज केली की एकंदर साठा निघतो. हे समाकलन झाले. एक क्रिया दुसरीच्या उलट आहे, हा या शास्त्रातील मुख्य सिद्धांत. तो पाळीवर उभ्या असलेल्या मुलास समजणार नाही, असे निदान आम्ही तरी मानीत नाही.

११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत भास्कराचार्यांनी ग्रहाची दिवसभरातील गती निराळी व त्या क्षणाची तात्कालिक गती निराळी, हा भेद केलेला आहे. (यावरून संपूर्ण कलनशास्त्र आमचेच होते, असे सभांतून सांगण्यात येते, ते मात्र खरे नव्हे, न्यूटन व लायब्निझ यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जी सर्वसाधारण रीत सिद्ध केली तिचे श्रेय त्यांचेच आहे.) कल्पना कठीण नाही, कठीण आहे ती तिच्या खालची बीजगणिताची फरसबंदी. कलनात चुकलेली उदाहरणे तपासून पाहणाऱ्या कोणाही शिक्षकास विचारा : चूक बहुधा अवकलनात नसते, ती अपूर्णांकाच्या बेरजेत असते, कंस सोडविण्यात असते, ऋण चिन्हात असते.

यास्तव दिल्ली कॉलेजातील मास्टर रामचंद्र यांचे उदाहरण आम्हांस महत्त्वाचे वाटते. महत्तम व लघुतम किमती काढण्याचे प्रश्न कलनावाचून, केवळ बीजगणिताने कसे सुटतात, हे दाखविणारा ग्रंथ त्यांनी १८५० साली कलकत्त्यास स्वखर्चाने छापविला. पुढे १८५२ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा ग्रंथ लंडन येथील प्रसिद्ध गणिती डी मॉर्गन यांच्या हाती पडला व त्यांच्या प्रयत्नाने १८५९ साली तो तेथे पुनः प्रसिद्ध झाला. अगदी साधा नमुना पाहा. २० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा यावा. एक भाग १० अधिक क्ष, दुसरा १० उणे क्ष. गुणाकार १०० उणे क्षवर्ग. क्षवर्ग कधीच ऋण होत नाही. म्हणून क्ष शून्य असता, म्हणजे भाग समान असता, गुणाकार महत्तम. येथे कलनाचे नावही नाही. ज्या मुलाने असे दहा प्रश्न स्वतःच्या हाताने सोडविले त्यास अवकलन शिकविणे म्हणजे तहानलेल्यास पाणी देणे होय, मग त्याचे दहावीचे गुण साठ असोत की पंचाण्णव.

तेव्हा आमची पहिली सूचना अशी की, वर्षारंभीचे काही आठवडे केवळ बीजगणित व त्रिकोणमिती यांच्या उजळणीस द्यावेत, आणि विषय ठेवावा की सोडावा हे त्यानंतर मुलाने व पालकांनी ठरवावे. याने आणखी एक अडचण दूर होते. हे आठवडे म्हणजे आपल्याकडील रोवणीचे दिवस. धानाची रोवणी मुख्यतः बायकांच्या हातची असल्याने त्या दिवसांत वर्गातील मुलींची बाके रिकामी दिसतात. मंडळाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे व तो योग्यच आहे. परंतु कलन हा विषय असा की सीमेचे चार तास बुडाले तर पुढचे चाळीस तास अंधारात जातात. चिखलात दिवसभर वाकून काम केलेल्या मुलीस शिक्षा करून हा तोटा भरून निघत नाही. उजळणीचा अभ्यास घरी होण्यासारखा असतो, सीमेचा नसतो. म्हणून सीमेचे प्रकरण पोळ्यानंतरच उघडावे, आणि पोळ्यानंतर मात्र गैरहजेरीची कोणतीही सबब ऐकू नये.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलास अकरावीच्या विज्ञानशाखेत सर्व विषय एकाएकी इंग्रजीत भेटतात, व त्याच्या न समजण्यातील निम्मा भाग भाषेचा असूनही तो सगळा बुद्धीच्या खाती मांडला जातो. १८४६ साली दिवंगत झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी याच विषयावर ‘शून्यलब्धि’ या नावाने मराठीत पुस्तक लिहिले होते. त्या काळी जे मराठीत लिहिता आले ते आज मराठीत विचारताही येऊ नये काय ? उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावयाची तर लिहावी. पण वर्गातील शंका मराठीत, किंबहुना झाडीबोलीत विचारली तरी तिला उत्तर मिळावे, व तिला कोणी हसू नये. हसणाऱ्यास मात्र जरूर शिक्षा करावी.

आता कडकपणा कोठे असावा ते सांगतो. तो एकाच ठिकाणी असावा : वहीत. प्रत्येक दिवशी थोडीशीच उदाहरणे, परंतु स्वहस्ते सोडविलेली आणि प्रत्येक पायरीपुढे ती पायरी कशावरून आली हे लिहिलेले. उत्तर बरोबर व कारण नाही, तर गुण नाहीत. उत्तर चुकले पण कारणपरंपरा शुद्ध, तर बहुतेक गुण द्यावेत. पुस्तकाच्या शेवटची उत्तरे पाहण्यास आमची हरकत नाही. मार्गदर्शक पुस्तकातून उतरविलेली रीत मात्र फळ्यापाशी उभे राहून समजावून सांगता आली पाहिजे. न आल्यास ते उदाहरण न केलेलेच समजावे. चाचणीत नापास झालेल्यास त्याच प्रकरणाची चाचणी पुनः द्यावयास मिळावी, एकदा नव्हे, समजेपर्यंत. आणि नंतरचेच गुण धरावेत. यात शिक्षकाचे काम दुप्पट होते, हे आम्ही जाणतो.

यावर आक्षेप निघेल तो वेगाचा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नास १ मिनिट ४८ सेकंद. कारणे लिहीत बसणारा मुलगा तेथे मागे पडणार नाही काय ? थोडासा पडेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वेग हा अखेरच्या तीन महिन्यांच्या सरावाने येतो, समज तशी येत नाही. शिवाय मंडळाचा लेखी पेपर ८० गुणांचा आहे, आणि तेथे पायरीपायरीलाच गुण आहेत. आरंभापासून केवळ घड्याळ लावून शिकविण्याची जी पद्धत शहरांतील शिकवण्यांनी रूढ केली, तिच्यात सूत्रे पाठ होतात व तलाव दिसेनासा होतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. दार सर्वांस उघडले तर काहीजण अनुत्तीर्ण होतील आणि शाळेच्या निकालाची टक्केवारी घसरेल. होय, घसरेल. शंभर टक्के निकालाचा फलक रस्त्यावर लावण्यात शाळेस जो आनंद होतो तो आम्ही समजू शकतो; पण तो फलक पुष्कळदा दारातून परत पाठविलेल्या मुलांच्या जिवावर उभा असतो, आणि त्यांची संख्या त्यावर लिहिलेली नसते. ती संख्या शाळेने आपल्या वार्षिक अहवालात निकालाच्या शेजारीच छापावी, अशी आमची व्यवस्थापक मंडळास विनंती आहे. गणित मागितले किती जणांनी, दिले किती जणांस, आणि त्यांत मुली किती.