पार्क नसलेलं कोरेगाव

पुण्यात कुणी "गाव कोणतं?" म्हणून विचारलं आणि मी "कोरेगाव" म्हटलं, की समोरच्याचा चेहरा एकदम उजळतो. "पार्क?" तो विचारतो. "नाही हो, नुसतं कोरेगाव. सातारा जिल्हा. पार्क नाही," असं सांगितलं की तोच चेहरा लोडशेडिंग झाल्यासारखा विझतो. मग शिष्टाचार म्हणून तो "अच्छा अच्छा, तिकडे काय विशेष?" असं विचारतो. आता आमच्याकडे जरंडेश्वराचा डोंगर आहे, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा आहे, पुणे-मिरज लोहमार्गावरचं स्टेशन आहे. पण पुणेकराला घेवड्याचं काय कौतुक? त्याला पब हवा असतो.

तर पब आमच्याकडेही आहेत. फक्त आम्ही त्यांना परमिट रूम म्हणतो आणि तिथे गेलेल्या माणसाला दारुडा म्हणतो. कोरेगाव पार्कात गेलेल्याला सोशल म्हणतात. पेय तेच, बाटली तीच, तिच्यातली मळी कदाचित आमच्याच उसाची. तिकडे अंधार मुद्दाम पैसे खर्चून केलेला असतो, आणि इकडे तो वीज गेल्यामुळे फुकट मिळतो, एवढाच काय तो फरक. या फरकावर एक अख्खी नीतिमत्ता उभी आहे आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

माझा भाचा मेलबर्नला असतो. त्याने मध्यंतरी ऑस्ट्रेलियाच्या आडरानातल्या एका पबचे एकेचाळीस फोटो पाठवले. बर्ड्सव्हिल हॉटेल, क्वीन्सलँडच्या टोकाला, वाळवंटाच्या काठी, स्थापना 1884. पत्र्याचं छप्पर, समोर धुरळा, आत जुन्या टोप्या टांगलेल्या. खाली मजकूर : "मामा, काय कॅरेक्टर आहे!" हाच भाचा पुढे दिवाळीला आला. त्याला घेऊन म्हसवडच्या वाटेला लागलो होतो. ज्वारीच्या रानाकडेला एक परमिट रूम दिसली. म्हटलं, चल, जरा टेकू. तर म्हणतो, "मामा, इथे? लोक काय म्हणतील?" अरे, पत्र्याचं छप्पर होतं, धुरळा होता, टोप्याही चांगल्या तीन होत्या आणि त्यांच्याखाली माणसंसुद्धा होती! पण टोपी गांधी निघाली की कॅरेक्टर बिघडतं असं दिसतं.

बँकेतल्या कारकुनाला आडरान दाखवते ती वसुली. फील्ड ऑफिसरच्या मोटारसायकलवर मागे बसायचं, मांडीवर रजिस्टर, डोळ्यांत माती, आणि माण, खटाव, आटपाडी, जत असं हिंडायचं. या हिंडण्यात मी जितक्या परमिट रूम पाहिल्या तितकी देवळं पाहिली असती तर आज माझ्या पायावर लोक डोकं ठेवत असते. त्यांची रचनाही देवळासारखीच ठरलेली. बाहेर मोटारसायकली, आत हिरवा दिवा, कोपऱ्यात 'फॅमिली रूम' अशी पाटी आणि तिच्यावर पडदा. त्या पडद्याआड मी आजतागायत एकही फॅमिली पाहिलेली नाही. आत कांद्याची पोती असतात. टेबलावर खारे शेंगदाणे, फुटाणे, उकडलेलं अंडं, काकडीच्या चकत्या. गल्ल्यावर मालक, मालकाच्या डोक्यावर गणपती आणि गणपतीच्या बाजूला 'उधार बंद आहे'. ही पाटी आम्ही शाखेत लावली असती तर वसुलीला हिंडावंच लागलं नसतं.

खटावच्या बाजूचा एक मालक मला विशेष आठवतो. कुणाची बोअर आटली, कुणाची म्हैस विकली गेली, कुणाचा पोरगा पैसे पाठवायचा बंद झाला, या गोष्टी सातबाऱ्यावर नसतात, त्या या माणसाला ठाऊक असायच्या. आमच्या ऑफिसरने एकदा त्याला एका थकबाकीदाराबद्दल विचारलं. तो फडक्याने ग्लास पुसत म्हणाला, "सायेब, हितं बसलेल्याचं हितंच ऱ्हातंय. तुमाला काय प्यायचं ते सांगा." बँकेत ग्राहकाची गुप्तता म्हणून एक प्रकरण असतं. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. हा गृहस्थ ते पाळत होता.

त्याची दुसरी एक पद्धत होती. तीन पेग झाले आणि गिऱ्हाइकाने चौथा मागितला की हा न विचारता भाकरी आणि कालवण पुढे ठेवायचा. "आता जेवा, अण्णा. वैनी वाट बघत असत्याल." आणि अण्णांच्या मोटारसायकलची किल्ली तोवर गल्ल्यात गेलेली असायची. सकाळी येऊन न्यायची. सगळेच मालक असे, असं म्हणायला मी काही त्यांचा वकील नाही. जतच्या बाजूला, जिथे पाटी अर्धी कानडी असते, तिथे एकाने आम्ही न खाल्लेल्या आम्लेटाचे पैसे तीनदा लावले होते. कर्नाटकात 2007 मध्ये अरकवर बंदी आली आणि हद्दीच्या या बाजूच्या धंद्याला बरकत आली. बरकत आली की भाकरी वाढायला वेळ कुणाला असतो?

आता सरकारकडे वळू. आपल्याकडे दारू विकायचे आणि प्यायचे परवाने मिळतात ते 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली. पुन्हा वाचा : दारूबंदी कायद्याखाली. मला हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षात कुणी सांगितलं असतं तर नफातोटा पत्रकावरची माझी श्रद्धा तेव्हाच उडाली असती. प्यायचा परवाना म्हणे प्रकृतीच्या रक्षणासाठी असतो. एका दिवसाचा 5 रुपये, देशीचा असेल तर 2, वर्षाचा 100 आणि आजन्म 1000. मी आजन्म घेतला. घेतल्यावर हिशेब केला, तर आजन्म म्हणजे बरोबर दहा वर्षांची फी. म्हणजे पिणारा आणखी किती जगेल याबद्दल सरकारचा काही अंदाज आहे, फक्त ते तोंडावर सांगत नाही. वयाचंही तसंच. अठराव्या वर्षी पोराला आमदार निवडता येतो. एकविसाव्या वर्षी लग्न करता येतं आणि बिअर पिता येते. व्हिस्कीसाठी मात्र पंचविसावं लागावं लागतं, म्हणजे चार वर्षं संसाराचा अनुभव असल्याशिवाय कडक काही नाही.

इथपर्यंत हसून घेऊ. पुढचं प्रकरण मीटरचं आहे. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश दिला. हेतू उत्तम होता. दारू पिऊन गाडी चालवणारे माणसं मारतात, हे खोटं कोण म्हणेल? पण पिणाऱ्याला 500 मीटर म्हणजे किती हो? आमच्याकडे माणूस म्हशीच्या वैरणीसाठी त्याच्या दसपट चालतो. 31 मार्च 2017 ला, अंमल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी अंतर 220 मीटर झालं. केरळात एका बारमालकाने तर दारापासून बारपर्यंत भिंतींचा चक्रव्यूह उभारला आणि अंतर पुरं केलं! जागा तीच, फक्त गिऱ्हाइकाने आत गोल गोल फिरायचं. त्या मालकाला आमच्या शाखेत घ्यायला हवं. वर्षअखेरीला तो ताळेबंद कसा जुळवेल!

पण मला टोचतं ते पुढचं. जुलै 2017 मध्ये न्यायालयाने खुलासा केला की नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीला हा आदेश लागू नाही. शहरं मोकळी झाली. ग्रामपंचायतींच्या हद्दीतल्यांचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला तो फेब्रुवारी 2018 मध्ये. मधले सात महिने शहरातला ग्लास कायदेशीर आणि खेड्यातला बेकायदा. रस्ता तोच असला तरी! खेड्यातला माणूस पिऊन सायकलवरून पडतो, फार तर मोटारसायकलवरून. शहरात काय होतं ते मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दिसलं. सतरा वर्षांचा मुलगा, कोट्यवधींची गाडी, आधी पबमध्ये बैठक, आणि रस्त्यावर दोन तरुण इंजिनियर ठार. बालन्याय मंडळाने सुरुवातीला जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या रात्री कुणी त्याच्या गाडीची किल्ली गल्ल्यात टाकली नाही. आणि हे सगळं झाल्यावरही माझा पुणेकर मित्र मला विचारतो, "तुमच्याकडे गावात फार पितात ना रे?"

माणसांना पिताना घाई करायला लावली की काय होतं हे ऑस्ट्रेलियानेही करून पाहिलंय. 1916 पासून न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात पब संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम होता. पाचला काम सुटायचं, सहाला दार लागायचं, आणि त्या तासाभरात माणसं रात्रभराचं पिऊन घ्यायची. न्यू साउथ वेल्सने हा नियम 1955 मध्ये काढला, व्हिक्टोरियाने 1966 मध्ये. म्हणजे भाचा जिथे राहतो तिथे हे शहाणपण यायला पन्नास वर्षं लागली. आणि संपूर्ण बंदी म्हणाल तर ती आपण 1950 मध्ये मुंबई राज्यात आणून पाहिली. बंदीने हातभट्टी शिकवली. हातभट्टी अजून शिकलेलं विसरलेली नाही, 2015 मध्ये मालवणीत शंभरावर माणसं विषारी दारूने गेली.

"म्हणजे तुम्ही दारूच्या बाजूचे!" असं कुणीतरी म्हणणार. मुळीच नाही. रानाकडेची परमिट रूम वेगळी आणि गावात, एसटी स्टँडला खेटून, शाळेच्या वाटेवर असलेलं देशीचं दुकान वेगळं. तिथे बसायला बाक नसतो, भाकरी नसते, कुणी वैनींची आठवण करून देत नाही. खिडकीतून बाटली घ्यायची, उभ्याने घशात ओतायची आणि घरी जाऊन भांडी फोडायची. ते दुकान हवं की नको हे गावातल्या बायकांनी ठरवावं, आणि ठरवायची सोयही आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद.

जिंकली कधी म्हणायचं, तिथे मेख आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समजा गावात 800 महिला मतदार. 450 आल्या, 390 जणींनी आडवी केली, 60 जणींनी उभी ठेवली. कोण जिंकलं? उभी! आमदार-खासदाराला ही अट लावली तर विधानसभेत आणि लोकसभेत खुर्च्या पुसायला तेवढी माणसं उरतील. आमच्या बँकेच्या वार्षिक सभेत न आलेल्या सभासदांची मतं कुणी चेअरमनच्या खात्यात जमा केली असती, तर पोलीस बोलवावे लागले असते.

बचत गटाचे पैसे भरायला आमच्या काउंटरवर एक आक्का येतात. त्यांच्या गावात असं मतदान झालं होतं आणि थोडक्यासाठी गेलं होतं. मी म्हटलं, "आक्का, बायका आल्या नाहीत का?" तर उसळल्या. "आल्या नाहीत कशा? शेतातली खुरपणी टाकून आल्या. सायेब, मुंबईला नांदायला गेलेल्या सुना यादीत हायेत. सासरी गेलेल्या पोरी हायेत. वरच्या आळीतली आमची चुलत सासू मरून तीन वरसं झाली, ती बी हाय. आन् न आलेली समदी उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली! अवो, त्या म्हातारीच्या नवऱ्यानं दारूपायी जमीन घालवली. मेल्यावर तिचं मत बाटलीला?"

मला काउंटरच्या काचेआडून उत्तर सुचलं नाही. या म्हातारीचा हिशेब मंत्रालयात कुणी करत नाही. तिथले हिशेब वेगळे असतात. नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला. जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करायचं ठरलं. विदेशी म्हणजे आपल्याच एमआयडीसीत तयार होणारी, हे वेगळं सांगायला नकोच. 14 जुलै 2025 ला या वाढींविरुद्ध राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. एका दिवसात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. आक्कांच्या गावचं मतदान आतल्या पानावर तीन ओळींत आलं होतं, तेही शेळ्यांच्या बाजारभावाखाली.

आक्का मात्र स्वस्थ बसलेल्या नाहीत. मयत आणि स्थलांतरितांची नावं मतदारयादीतून कमी करायला नमुना 7 नावाचा अर्ज असतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. गेल्या सोमवारी गटाच्या पासबुकाबरोबर त्यांनी अकरा अर्ज माझ्या पुढ्यात टाकले. "बघा हो सायेब, कुठं काय चुकलंय का. तुमाला रकाने भरायची सवय हाय." मी जेवणाच्या सुट्टीत बसून सगळे तपासले. वरच्या आळीतल्या सासूबाईंच्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडायचा राहिला होता. तेवढा घेऊन यायला त्यांना सांगितलंय.